पूजेपुरतं बंद

२००३ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला किसन बेंडकोळीचे डोळे गेले. एक पूर्ण गेला. दुसऱ्यात उजेड आहे की अंधार एवढं कळण्यापुरतं राहिलं.

संपादकांनी मला ‘तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलंय. गमती आहेत, त्याही लिहितो. पण माझ्या कामाचं नाव काढलं की मला आधी किसन आठवतो, त्याला माझा इलाज नाही. ज्यांना फक्त गमती पाहिजेत त्यांनी मालेगावपर्यंत वाचावं आणि पान उलटावं.

माझं शिक्षण सातवी. सहावीत दोनदा बसलो, तेव्हा सातवीपर्यंत पोचायलाच सगळी ताकद गेली. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागलो. पुढे शिर्के साहेबांनी अंबडला पत्र्याची शेड टाकून कारखान्यांची कंट्रोल पॅनल बनवायचं काम काढलं, त्यांच्याकडे गेलो. नव्वदच्या पुढे पॅनलमधले रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, जाऊन कॉम्प्युटर यायला लागले. माझ्या बरोबरीच्या वायरमननी रिक्षा घेतल्या, कोणी किराणा टाकला. मी हटलो नाही. रिले काय आणि प्रोग्राम काय, प्रश्न तोच राहतो: हे चालू असताना ते उघडता कामा नये. तो प्रश्न मला चांगला कळत होता. इंग्रजी येत नव्हतं, ते अजूनही येत नाही.

प्रोग्राम लिहायला शिर्के साहेबांनी मेघना मॅडमना आणलं. पंचवटीच्या. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे, मुलगी इंजिनिअर. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. पद्धत अशी होती की मी मशीन बघून यायचो आणि तोंडाने सांगायचो, त्या लिहायच्या. सांगताना मी पॅनलच्या पुठ्ठ्यावर रिलेची चित्रं काढायचो. त्या म्हणायच्या, ‘अण्णा, चित्र पुरे, आता बोला.’ आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम नाशिक जिल्ह्यात कुठे कुठे चालत होतं ते सांगत बसलो तर बढाई होईल. बरंच चालत होतं.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एखाद्या कारखान्यात पाणी तापवणं, पंप फिरवणं, थंड करणं, धुणं अशी वेगवेगळी कामं असतात. प्रोग्राममध्ये अशा प्रत्येक कामाला आम्ही सर्व्हिस म्हणतो. प्रत्येक सर्व्हिसच्या आयुष्यात ठरलेल्या अवस्था. आधी ती बंद असते. मग सुरू होत असते. मग चालू असते. मग बंद होत असते. आणि परत बंद. बिघाड झाला तर पाचवी अवस्था, बिघाड. चालू आणि बंद ही दोन कोणालाही कळतात. आमचं सगळं पोट भरायचं ते मधल्या दोनांवर. कारण ‘थांब’ म्हणणं आणि थांबणं यांच्यामध्ये वेळ जातो, आणि माणसं मरतात ती त्या वेळात.

आता प्रत्येक कामाचं वागणं तेच, तर ते प्रत्येकासाठी वेगळं का लिहायचं? एकदाच लिहायचं आणि सगळ्यांनी ते वारशाने घ्यायचं. मॅडम त्याला बेस क्लास म्हणायच्या. मी बाप म्हणायचो. शेवटी अख्खी शेड बापच म्हणायला लागली. पंप हा बापाचा एक पोरगा, तापवणं दुसरा, कॉम्प्रेसर तिसरा. बापाचं वळण सगळ्यांना, धंदा प्रत्येकाचा आपला.

या घराचा नियम मी घातला होता. पोराने आपलं काम करायचं आणि बापाला येऊन सांगायचं, झालं. मग बाप स्वतः स्क्रीनवर ‘बंद’ लिहील. पोराने स्क्रीनला हात लावायचा नाही. चूल विझवणारा वेगळा आणि विझली म्हणणारा वेगळा पाहिजे, कारण विझवणाऱ्याला घरी जायची घाई असते.

बाप काही एका दिवसात शहाणा झाला नाही. मालेगावला एका हाजीसाहेबांकडे सुताला खळ द्यायचा कारखाना होता, तिथे त्याला पहिला मार बसला. हाजीसाहेब मोठे सज्जन आणि तेवढेच अधीर. सुरू करायचं बटण ते दारावरच्या बेलसारखं दाबायचे, मशीन हलेपर्यंत दाबतच राहायचे. आमचा प्रोग्राम प्रत्येक दाबण्याला नवा हुकूम समजायचा. सुरू होत असलेलं काम सोडून परत पहिल्यापासून सुरू करायचा. पंप उचक्या द्यायचा, खळ कुठे घट्ट कुठे पातळ, सूत तुटायचं. मला बोलावून घेतलं आणि चार लोकांसमोर म्हणाले, ‘मिस्तरी, ये तुम्हारा कॉम्प्युटर बहरा है. एक बार में सुनता नहीं.’

मी म्हणालो, ऐकतो हो, पण तुम्ही इतक्यांदा हाका मारता की त्याला वाटतं इतकी माणसं आलीत.

परत येऊन मॅडमना सांगितलं: सुरू होत असताना कोणी परत ‘सुरू हो’ म्हटलं तर बापाने नुसतं ‘ऐकलं’ म्हणायचं आणि हातातलं काम करत राहायचं. पुढच्या खेपेला हाजीसाहेबांनी सवयीने बटण बडवलं, मशीन शांतपणे एकदाच सुरू झालं. त्यांनी बटणावरचं बोट काढलं. मग कारागिराला म्हणाले, ‘अब शरीफ हो गया.’ माझ्यासाठी मलईचा चहा मागवला. हे सर्टिफिकेट मला पुरलं.

इगतपुरीने दुसरा धडा दिला. तिथे पावसाळ्यात लाइट सारखी जायची-यायची. लाइट आली की प्रोग्राम म्हणायचा, मघाशी चालू होतो म्हणजे आताही चालू आहे. पंप प्रत्यक्षात गपगार. तेव्हापासून बापाला शिकवलं की लाइट आल्यावर सगळे बंद धरायचे, जो काम करून दाखवील तोच चालू.

असा एकेक धडा घेत बाप पुरा झाला. त्यानंतर मी शेडमध्ये जाहीर केलं की पोरं कितीही जन्माला घाला, बापाला कोणी हात लावायचा नाही. अवस्था पाच आहेत, पाचच राहतील. शिर्के साहेबही हसून म्हणायचे, ‘बापाचं काय ते अण्णांना विचारा.’ मी कुठल्याही कारखान्यात गेलो की ऑपरेटरला पहिलं वाक्य हेच सांगायचो: स्क्रीनवर बंद दिसलं की बंद. डोळे मिटून पाना लाव. हे छातीठोक सांगता येणं, याच्यापलीकडे मला आयुष्यात काही मोठं करायचं नव्हतं.

गमती संपल्या.

दिंडोरी रोडच्या बाजूला एक खाजगी डेअरी होती. नाव सांगत नाही. तिथलं दूध तापवायचं मशीन, पाश्चरायझर म्हणतात त्याला, आमच्या प्रोग्रामवर चालायचं. किसन तिथला ऑपरेटर. पेठकडच्या डोंगरातला. आधी डेअरीत दुधाचे कॅन धुवायला लागला, मग मशीन पुसायला, मग मशीन चालवायला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी गेटातून आत आलो की ओरडायचा, ‘बापाचा बाप आला, चहा टाका.’ त्याच्या डब्यात नागलीची भाकरी असायची. अर्धी माझी, हे न बोलता ठरलेलं होतं.

किसनचं मशीनशी वागणं गोठ्यातल्या जनावरासारखं. आवाज बदलला की पाठीवर हात ठेवायचा. पूर्वी डेअरीत खंडेनवमीला सगळी मशिनरी थांबवून, धुऊन पुसून, कुंकू लावून, झेंडूचा हार घालून पूजा व्हायची. नवीन मशीन आल्यावर ते अवघड झालं. ते पुरतं थांबवून परत तापवायचं म्हणजे निम्मी सकाळ जाते, आणि दूध काही सणाची वाट बघत नाही. म्हणून मॅनेजर साहेबांनी सांगितलं, चालू मशीनचीच पूजा करा. एक-दोन वर्षं तशी झाली. किसनला ते फार लागलं.

तो मला म्हणाला, ‘अण्णा, धावत्या बैलाला झूल घालतं का कोणी? वर्षातनं एक घटका बसू द्या की तिला.’ आणि मशीनकडे तोंड करून त्याने माझ्यासमोर खरोखर हात जोडले. आत गरम ठेवून एका बटणावर घटकाभर थांबवायचं म्हटल्यावर मॅनेजरनेही होकार दिला, कारण त्यात दुधाचं काही बिघडत नव्हतं. त्यांनी शिर्के साहेबांना फोन केला आणि शिर्के साहेबांनी शब्द देऊन टाकला.

शेडमध्ये मी साफ नाही म्हणालो. थांबायचं तर खरं थांबा, नाहीतर थांबलं म्हणू नका. मॅडमनी त्यातून मार्ग काढला होता. त्या म्हणाल्या, बापात सहावी अवस्था घालू. ‘पूजेसाठी थांबलं, आत गरम आहे’ असं पिवळ्या अक्षरात दिसेल, कोणाची फसवणूक नाही. मी ऐकलं नाही. आज पूजा आली, उद्या मॅनेजरचा वाढदिवस येईल, परवा कोणी मंत्री बघायला येईल. बापाची धर्मशाळा करायची नव्हती मला.

मग त्यांनी ते पोरात केलं. पाश्चरायझरच्या सर्व्हिसला आपलं वेगळं थांबणं दिलं. पूजेचं बटण दाबलं की समोर दिसणाऱ्या मोटरी थांबायच्या, आतल्या पत्र्यांमधलं गरम पाणी मात्र फिरत राहायचं, म्हणजे आरती झाल्याबरोबर दूध सोडता येईल. आणि स्क्रीनवर पोरगाच लिहायचा, ‘बंद’. बापाला न विचारता. मी ते बघितलं. तिथे गरम पाणी बंदिस्त असतं, त्या बाजूला कोणी पाना लावत नाही, धोका नव्हता. आणि मला बापाला हात लावू द्यायचा नव्हता, तो मी लावू दिला नाही.

मॅडमनी आणि मी किसनला नीट सांगितलं की हे बंद फक्त पूजेपुरतं, आत पाणी फिरतंय. तो हसून म्हणाला, देवाला ठावं हाय, आपल्याला ठावं हाय, झालं तर मग.

त्यानंतरच्या खंडेनवम्या छान गेल्या. मला दरवर्षी बोलावणं असायचं. नारळ फोडायचा मान मॅनेजरचा, पण पहिलं खोबरं किसन मला आणून द्यायचा.

मग डेअरी वाढली. पाइप हाताने धुण्याऐवजी गरम सोड्याचं पाणी पाइपांतून आपोआप फिरवायचं मशीन आलं. हा सोडा साधा नव्हे, कातडी सोलून काढणारा. या धुलाईसाठी नवी सर्व्हिस लागणार होती. तिलाही पाणी तापवायचं होतं, फिरवायचं होतं, तापमान राखायचं होतं. म्हणजे पाश्चरायझरचंच काम, फक्त दुधाच्या जागी सोडा. तेव्हा ती पाश्चरायझरची पोर म्हणून लिहिली गेली, आमच्या बापाची नात. या धंद्यात सगळे असंच करतात, आणि ते चुकीचं नाही. लिहिलेलं परत कोण लिहितो? पण पोराला बापाचं नाक मिळतं तशी बापाची खोडही मिळते. पूजेचं बटण दाबल्यावर न थांबता ‘बंद’ म्हणायची खोड धुलाईच्या सर्व्हिसमध्ये कोणी न घालता आली. आम्ही तिची चाचणी उन्हाळ्यात घेतली. सगळं दाबून पाहिलं. पूजेचं बटण उन्हाळ्यात कोण दाबतो?

त्या वर्षी गुरुजींना दुपारी दुसरीकडे जायचं होतं म्हणून पूजा सकाळी उरकायची ठरली. दरवर्षी पूजेच्या वेळेला धुलाई संपलेली असायची, त्या दिवशी ती चालू होती. किसन नवी टोपी घालून आला होता. गंध लावून घ्यायला त्याने डोळ्यावरचा गॉगल काढून खुंटीला लावला आणि पूजेचं बटण दाबलं. स्क्रीनवर सगळ्या ओळी लाल झाल्या. दूध, बंद. पाणी, बंद. धुलाई, बंद.

आरती झाली, कोहळा कापला, पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन मॅनेजरशी बोलत होतो. सोड्याचा पंप भिंतीपलीकडच्या खोलीत होता, इकडे झांजा आणि माणसांचा गलका. किसन पाइपांना कुंकू लावत फिरत होता. एका जोडावर लावलेलं कुंकू ओघळायला लागलं, म्हणजे जोड थेंब थेंब गळत होता. पूजेच्या दिवशी मशीन गळतंय हे त्याला कसं बघवणार? त्याने स्क्रीनकडे पाहिलं. धुलाई, बंद. मी शिकवलेलं तसंच केलं, पाना लावला.

मी वळलो तेव्हा तो दोन्ही तळहात तोंडावर धरून खाली बसला होता आणि विचारत होता, ‘अण्णा, बंद हाय ना? बंद हाय ना?’

आम्ही नळी लावून पाणी मारत राहिलो. मग गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

का झालं ते मॅडमनी त्याच दिवशी शोधून काढलं आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. काही लपवलं नाही. डोळ्यात पाणी न आणता, सावकाश सांगितलं, ते मला जास्त लागलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अण्णा, सहावी अवस्था बापात घालू का आता?’ मी होकारार्थी मान हलवली. थोड्याच वेळाचं काम निघालं. तुमच्या हट्टामुळे हे झालं का, असं मला कोणी कोणी विचारतं. त्यांना मी उत्तर देत नाही, इथेही देणार नाही. स्वतःला किती वेळा दिलं ते माझं मला माहीत.

पुढे किसनचा प्रश्न उभा राहिला. डोळे तर गेले, ते कोणी देणार नव्हतं. पण मॅनेजर साहेबांनी तोंडाने कबूल केलं होतं की चूक किसनची नसेल तर त्याला गेटावर बसवू, फोन घेईल, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारील, पगार चालू राहील. चूक त्याची ठरली तर कामावरून कमी. बायको यमुना, दोन मुली, मखमलाबादची भाड्याची खोली, सगळं त्या गेटावरच्या खुर्चीवर येऊन ठेपलं होतं. डेअरीने बाहेरचे एक वकील चौकशीला नेमले.

चौकशीच्या आधी मी किसनच्या खोलीवर गेलो. त्याच्या डोळ्यांना पट्ट्या होत्या. मी म्हणालो, ‘किसन, एवढंच सांगायचं. स्क्रीनवर बंद होतं म्हणून उघडलं. बटण कोणी मागितलं असं विचारलं तर म्हण, आठवत नाही.’

 यमुना म्हणाली, ‘आयका की अण्णांचं. त्यांना जास्त कळतं.’

त्याने मला विचारलं, तुम्ही काय सांगणार? मी म्हणालो, मी सांगणार की स्क्रीन खोटं बोलली. त्याला ते आवडलं नाही. ‘तिला कशाला खोटी पाडता,’ म्हणाला. ‘आपणच सांगितलं तसं बोलली ती.’

चौकशी डेअरीच्या ऑफिसात झाली. शिर्के साहेबांनी मला आणि मॅडमना अडवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती डेअरी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. ते एवढंच म्हणाले, जे खरं आहे ते सांगा, पुढचं पुढे बघू.

वकील वयस्कर, शांत. माझं सगळं ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही. बाप, पोरगा, नात, सगळं समजून घेतलं. म्हणाले, ‘म्हणजे मुलाने वडिलांना न विचारता दार लावल्याचं सांगितलं, आणि नातीने ते वळण उचललं.’ इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी ते कारकुनाला लिहून घ्यायला लावलं. मॅडमनीही तेच सांगितलं, प्रोग्राममधला दोष आमचा आहे असं स्पष्ट म्हणाल्या. मला वाटलं, झालं. खुर्ची मिळाली.

मग त्यांनी मॅडमना विचारलं की पूजेचं बंद हे खरं बंद नसतं, हे कोणाला सांगितलं होतं का. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, ऑपरेटरला सांगितलं होतं.

किसनला उभं केलं. तो आवाजाच्या दिशेने वळला, पण थोडा चुकीचा, वकिलांच्या शेजारच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. त्याला कोणी सरळ केलं नाही. मीही नाही.

‘हे बटण कोणी मागितलं होतं?’

‘म्या मागितलं, साहेब.’

‘ते खरं बंद नसतं, माहीत होतं?’

‘व्हय. पूजेपुरतं बंद.’

‘मग पाना का लावलात?’

किसनच्या आधी मी उभा राहिलो आणि सांगितलं की ते दुधाच्या लाइनपुरतं सांगितलं होतं, तेव्हा धुलाईचं मशीनच नव्हतं, नातीत ती खोड आलीय हे त्याला कसं कळणार? वकील म्हणाले, बरोबर आहे, हेही लिहून घेतो. आणि मला विचारलं, ‘तुम्हाला तरी माहीत होतं का?’

‘नाही.’

‘बाईंना?’

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

‘म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं,’ वकील म्हणाले. ‘निम्मं माहीत असून पाना लावलेला इथे एकच माणूस आहे.’

ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांनाही ते आवडलं नसावं. पण तेवढ्यावर सगळं फिरलं. ज्यांनी पान्याला हात लावला नव्हता ते सगळे सुटले.

बाहेर पायरीवर मी किसनला बोललो. बरंच बोललो. एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं, असं विचारलं. यमुना पदर तोंडाला लावून उभी होती. तो माझं संपेपर्यंत थांबला.

‘अण्णा, हात जोडून मागितलेलं,’ तो म्हणाला. ‘ते मागितलंच नाय असं कसं म्हणू? मग त्या पूजा कोणाच्या झाल्या?’

  मला देवाधर्माचं एवढं नाही, पण त्याचा हिशेब माझ्या नियमापेक्षा सरळ होता एवढं कळत होतं, आणि त्याने काही वाचत नव्हतं, हेही कळत होतं.

निकाल आला तेव्हा मॅनेजरने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून वाचून दाखवला. प्रोग्राममध्ये उणीव होती, ती दूर केली आहे. ऑपरेटरने माहिती असताना काळजी घेतली नाही, गॉगल लावला नव्हता. निष्काळजीपणा. कामावरून कमी. त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खोटं नव्हतं. मला भांडायला जागा सापडेना. भांडणात माझा हात धरणारा नाशिकमध्ये कोणी नव्हता, पण भांडायला समोरच्याचं काहीतरी खोटं लागतं.

त्याच दिवशी यमुनाने खोली रिकामी केली. पेठच्या गाडीत त्यांना बसवून दिलं. किसनने खिडकीतून हात बाहेर काढला, मी दुसऱ्या बाजूला होतो, त्याचा हात तिकडेच हवेत राहिला. मी फिरून तिथे पोचेपर्यंत गाडी निघाली. पुढे मी त्याच्या गावी जाऊन आलो, पण तो वेगळा विषय आहे, आणि त्यातही सांगण्यासारखं चांगलं काही नाही. मॅडमनी वर्षाच्या आत पुण्याला नोकरी धरली. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं.

गाडी गेल्यावर मी शेडवर आलो, तर शिर्के साहेब म्हणाले, ‘अण्णा, उद्या डेअरीत जायला लागेल. पॅकिंगमधल्या एकाला ऑपरेटर केलंय, त्याला शिकवायचंय.’ मी म्हणालो, मी जाणार नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. चाळिशीचा माणूस होता, घाबरलेला, हातात नवी वही आणि पेन. मी त्याला स्क्रीन दाखवली. दूध, पाणी, धुलाई, आणि पूजेसाठी थांबलं की दिसणारी नवी पिवळी अक्षरं. त्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे अण्णा, लाल अक्षरात बंद दिसलं की पाना लावायचा?’

हेच वाक्य मी इतकी वर्षं गावोगावी सांगत आलो होतो. या वेळी त्याने ते स्वतःहून म्हटलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आधी खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी थांबलं की पाइपाला हात लावून बघायचं, गार आहे का, थरथरत नाही ना. मग गॉगल. मग पाना. स्क्रीनवर काय लिहिलंय ते बघूच नकोस.’

तो म्हणाला, ‘मग ही बसवली कशाला?’

मी त्याला जोडापाशी घेऊन गेलो, व्हॉल्व्ह उघडला, शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघं उभे राहिलो, आणि मग त्याचा हात मनगटाला धरून पाइपावर ठेवला.